दाइकोकूचे फाटक कोणासाठी लावायचे?

फेरफार केलेल्या गाड्यांचे शौकीन जिथे रात्री जमतात, त्या योकोहामाच्या दाइकोकू विश्रांतिस्थळाचे फाटक पोलिसांनी एखाद्या शनिवारी लवकर लावले, की रविवारी ठरलेला वाद सुरू होतो. एक बाजू म्हणते, की हे विश्रांतिस्थळ आहे, जत्रेचे मैदान नव्हे. रात्री ते कायमचेच बंद करा. दुसरी म्हणते, ही जपानची संस्कृती आहे, तिला हात लावू नका. हल्ली तिसरीही एक बाजू पुढे आली आहे. तिच्या मते सगळे सुरळीत चालले होते, परदेशी पर्यटकांनी येऊन वाट लावली. आणि टोकियोतल्या आम्हा मराठी मंडळींत हा विषय निघाला, की चौथे एक वाक्य हमखास ऐकू येते : 'जपानी लोक मुळातच शिस्तीचे, म्हणून इतकी वर्षे चालले; आपल्याकडे एक शनिवारही चालले नसते.' मला या चारही बाजू कच्च्या वाटतात. फेरफार केलेल्या गाड्यांचा हा छंद जपानमध्ये टिकला, कारण काय चालेल आणि काय चालणार नाही, हे तिथल्या सरकारने कधीतरी बसून सेंटिमीटर, किलो आणि डेसिबलमध्ये लिहून काढले. ज्याची गाडी आणि ज्याचे वागणे त्या मोजमापात बसते, त्याला उभे राहू द्यावे. ज्याचे बसत नाही, त्याला धरावे. फाटक लावणे म्हणजे मोजण्याचे काम टाळणे आहे, आणि त्याचा पहिला फटका बसतो तो ज्याने मोजून घेतले आहे त्यालाच.

ज्यांनी ही जागा पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. दाइकोकू हे योकोहामाच्या त्सुरुमी भागात, समुद्रात भर घालून केलेल्या धक्क्याच्या बेटावरचे एक्सप्रेसवेचे विश्रांतिस्थळ आहे. योकोहामा बे ब्रिज १९८९ मध्ये खुला झाला, त्याच्या एका टोकाला. वांगान या किनाऱ्यालगतच्या एक्सप्रेसवेवरून येणारे रस्ते इथे वेटोळी घालत खाली उतरतात आणि त्या वेटोळ्यांच्या पोटात वाहनतळ, उपाहारगृहाची इमारत, स्वच्छतागृहे आणि पेये देणाऱ्या यंत्रांची रांग आहे. जवळ रेल्वे नाही, पायी येण्याची वाट नाही. गाडीत बसून, टोल भरूनच यावे लागते. (ही गोष्ट पुढे कामाला येणार आहे.) शुक्रवार-शनिवारच्या रात्री इथे निसानच्या आर-३२, आर-३३, आर-३४ स्कायलाइन जीटी-आर, रोटरी इंजिनाच्या माझदा आरएक्स-७, टोयोटा सुप्रा, निसान सिल्व्हिया अशा गाड्या जमतात. उत्सर्जनाचे नवे नियम आले आणि २००२ मध्ये या चारही नावांचे उत्पादन एकाच वर्षी थांबले. त्यामुळे त्या काळातली समोर उभी असलेली प्रत्येक गाडी आता वीस वर्षांहून जुनी आणि कोणाच्या तरी हातच्या मेहनतीवर जगलेली असते. तिथे शर्यत होत नाही. बॉनेट उघडतात, लोक वाकून पाहतात, एकमेकांना प्रश्न विचारतात, कॉफीचे डबे रिकामे होतात. आपल्याकडे ज्याला कट्टा म्हणतात, तोच हा प्रकार. बसायला दगडी कठड्याऐवजी बंपर.

मी पहिल्यांदा तिथे गेलो तो एका सहकाऱ्याच्या सिल्व्हियात बसून. आम्ही राहतो ते निशी-कासाई वांगान मार्गाच्या जवळच आहे, त्यामुळे अर्ध्या-पाऊण तासात पोचलो. आमच्या शेजारच्या जागेत पन्नाशी ओलांडलेले एक गृहस्थ करड्या आर-३२ पाशी उकिडवे बसले होते. त्यांनी डिकीतून फडक्यात गुंडाळलेला एक लाकडी ठोकळा काढला आणि तो गाडीच्या पोटाखालून हळूहळू सरकवू लागले. पुढच्या आडव्या पट्टीखालून, मग सायलेन्सरच्या नळीखालून. नळीच्या एका जोडापाशी ठोकळा किंचित घासला, तेव्हा त्यांनी तोंडाने 'च्' केले आणि खिशातल्या वहीत काहीतरी टिपले. सहकाऱ्याने मला समजावले : ठोकळा बरोबर नऊ सेंटिमीटर उंचीचा आहे. जमीन आणि गाडीचा तळ यांत किमान नऊ सेंटिमीटर अंतर हवे, असा नियम आहे. या गृहस्थांनी महिन्यापूर्वी नव्या स्प्रिंगा बसवल्या होत्या, स्प्रिंगा वापरून थोड्या दबतात, आणि दोन महिन्यांनी पासिंग होते. रात्री दहा वाजता, समुद्राच्या वाऱ्यात, एक माणूस सरकारी नियमाचा अर्धा सेंटिमीटर शोधत गाडीखाली वाकला होता, आणि आजूबाजूच्या कोणालाही त्यात विशेष वाटत नव्हते.

त्या ठोकळ्यामागे जो नियम आहे, त्याला इतिहास आहे. जपानमधले पासिंग, म्हणजे 'शाकेन', नव्या गाडीला तीन वर्षांनी आणि त्यानंतर दर दोन वर्षांनी करावे लागते. १९९५ पर्यंत फेरफारांविषयीचे नियम इतके आवळलेले होते, की सुटे भाग बदलणारा माणूस बहुधा लपूनछपूनच ते करी आणि पासिंगच्या आधी जुने भाग परत बसवी. १९९५ मध्ये परिवहन खात्याने ही पकड सैल केली, पण सैल करताना ती मोघम ठेवली नाही. ठरावीक सुटे भाग कोणतीही वेगळी परवानगी न घेता बसवता येतील, असे ठरले. फेरफारानंतर लहान गाडीची लांबी तीन, रुंदी दोन आणि उंची चार सेंटिमीटरच्या आत, वजन पन्नास किलोच्या आत बदलले, तर कागद हलवण्याची गरज नाही. त्याहून जास्त बदलले तर रचनाबदलाची वेगळी तपासणी करून घ्यायची आणि नवे आकडे प्रमाणपत्रावर चढवायचे. आवाजाचेही तसेच. सायलेन्सरच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर, पंचेचाळीस अंशांच्या कोनात यंत्र धरून आवाज मोजतात. या मोजमापांच्या पलीकडे जो जातो त्याच्यासाठी दंडही लिहिलेला आहे : बेकायदा फेरफार करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा तीन लाख येनपर्यंत दंड, आणि गाडीच्या काचेवर डकवायचे 'बेकायदा फेरफार केलेली गाडी' असे लेबल, जे दुरुस्ती करून दाखवल्याशिवाय काढता येत नाही.

या लिहून काढण्याने काय बदलले? १९८३ मध्ये ट्यूनिंगच्या एका मासिकाचे संस्थापक दाइजिरो इनादा यांनी टोकियोच्या हारुमी भागात फेरफार केलेल्या गाड्यांचे पहिले प्रदर्शन भरवले, तेव्हा गाड्या बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या अशा गाड्यांशी आपले नाते उघडपणे सांगत नसत. तेच प्रदर्शन आज 'टोकियो ऑटो सलोन' या नावाने माकुहारीच्या भव्य दालनांत दर जानेवारीत तीन दिवस भरते, दोन लाखांहून अधिक लोक येतात, आणि सर्वांत मोठे मंडप त्याच कंपन्यांचे असतात. निसानने २०१७ मध्ये आर-३२ चे बंद पडलेले सुटे भाग पुन्हा बनवायला घेतले. टोयोटाने २०२३ च्या सलोनमध्ये ऐंशीच्या दशकातली आपली एई-८६ हायड्रोजनवर आणि विजेवर चालवून दाखवली. जी गोष्ट गॅरेजच्या अर्ध्या उघड्या शटरआड चालत होती ती दिव्यांच्या झगमगाटात आली, ती लोक एकाएकी सज्जन झाल्यामुळे नव्हे. सज्जनपणाचे माप उपलब्ध झाले, म्हणून ज्याला सज्जन राहायचे होते त्याला राहता आले.

आता विरोधकांचे म्हणणे. त्यातले सगळ्यांत भक्कम म्हणणे आवाजाचे नाही, ट्रकचालकांचे आहे, आणि गाडीप्रेमी ते ऐकून घेत नाहीत याचा मला राग येतो. जपानमध्ये मालवाहू ट्रकच्या चालकाला चार तास सलग चालवल्यावर तीस मिनिटांची विश्रांती घ्यावीच लागते. एप्रिल २०२४ पासून त्याच्या जादा कामावर वर्षाला ९६० तासांची मर्यादा आली आहे. त्याचा सगळा दिवस घड्याळाला बांधलेला असतो. विश्रांतीसाठी ठरवलेल्या ठिकाणी जागा मिळाली नाही, तर तो एकतर नियम मोडतो, नाहीतर वाहत्या रस्त्याच्या कडेला थांबतो. अशा वेळी ट्रकसाठी आखलेल्या लांब जागेत चार सुप्रा ओळीने उभ्या असतील आणि त्यांचे मालक छायाचित्रे काढत असतील, तर संस्कृतीचा कोणता मुद्दा त्या ट्रकचालकाला पटावा? मी स्वतः हे पाहिले आहे. पडदे ओढून आत झोपण्याऐवजी तो माणूस इंजिन चालू ठेवून जागेची वाट पाहत होता, आणि आमच्यापैकी कोणीही त्याच्याकडे बघत नव्हते.

दुसरे म्हणणे आवाजाचे. इथे गाडीप्रेमी 'आमच्या गाड्या पासिंग झालेल्या आहेत' असे म्हणून सुटू पाहतात. पण आवाजाची मर्यादा गाडीच्या जन्मवर्षाप्रमाणे बदलते, आणि नव्वदच्या दशकातल्या बऱ्याच गाड्यांना ती १०३ डेसिबल आहे. म्हणजे कायदेशीर गाडीसुद्धा शांत असतेच असे नाही, आणि अशा शे-दोनशे कायदेशीर गाड्या एकत्र सुटल्या तर त्यांचा आवाज बेकायदा गाडीइतकाच झोपमोड करतो. तिसरे म्हणणे रस्त्यावरच्या धोक्याचे. टोकियोच्या मध्यभागातून सी-१ हा सुमारे पंधरा किलोमीटरचा वर्तुळाकार एक्सप्रेसवे जातो. वेगमर्यादा ताशी पन्नास, वळणे आंधळी. रात्री त्यावर गोल गोल शर्यत लावणाऱ्यांना जपानी लोक 'रुरेत्तो-झोकू' म्हणतात, जुगाराच्या फिरत्या चक्रावरून. टोल प्रवेश आणि निर्गम यांवरून ठरतो, त्यामुळे कितीही फेऱ्या मारल्या तरी खिशाला फारशी झळ लागत नाही. हे लोक आणि दाइकोकूला उभे राहणारे लोक संपूर्ण वेगळे आहेत, असा दावा मी करणार नाही. काही चेहरे दोन्हीकडे असतात, हे तिथे जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे.

हे तिन्ही मुद्दे मान्य केल्यावरही फाटक लावणे हे उत्तर का ठरत नाही? ट्रकचालकापासून सुरुवात करू, कारण त्याच्याच नावाने फाटक लावा असे सांगितले जाते. फाटक जेव्हा सरसकट लागते, तेव्हा ट्रकसुद्धा बाहेरच राहतो. ज्याच्या विश्रांतीसाठी हा उपाय, त्याचीच विश्रांती त्यात जाते. डास झाले म्हणून विहीर बुजवावी तसा हा प्रकार आहे. ट्रकच्या जागेत उभी राहिलेली मोटार ही उचलता येण्याजोगी, दंड करता येण्याजोगी वस्तू आहे. तिच्यावर क्रमांक आहे. काही एक्सप्रेसवेंवर अवजड वाहनांसाठी साठ मिनिटांची मर्यादा असलेल्या जागा आखून पाहिल्या गेल्या आहेत. म्हणजे रंग, पाटी आणि घड्याळ वापरून जागेची चाके हलती ठेवता येतात, हे जपानला ठाऊक आहे. दाइकोकूला मोटारींसाठीही तसे घड्याळ लावा, दोन तासांनंतर निघायला सांगा. माझी हरकत नाही. माझ्या सहकाऱ्याची असेल, कारण त्याच्या गप्पा दोन तासांत संपत नाहीत. पण ती तक्रार सहन करण्यासारखी आहे.

आवाजाचेही तेच. १०३ डेसिबल ही इंजिन ठरावीक वेगाने फिरवून मोजलेली मर्यादा आहे; उभ्या गाडीत बसून रेस देत राहण्याचा तो परवाना नव्हे. कानागावा प्रांताच्या नियमांनुसार उभ्या गाडीचे इंजिन बंदच ठेवायचे असते. तेव्हा एखादा मुलगा वाहनतळात इंजिन गुरगुरवत असेल, तर त्याची गाडी कायदेशीर आहे का, हा प्रश्नच उद्भवत नाही. त्याचे कृत्य कायदेशीर नाही आणि तेवढे पुरे आहे. परिवहन खात्याचे तपासनीस आणि पोलीस मिळून रस्त्यावर तपासण्या करतात, त्या विश्रांतिस्थळांवरही होतात. त्या रात्री जमलेल्यांच्या माना खाली जातात, दोन-चार जणांच्या काचेवर लेबल लागते आणि पुढचे काही आठवडे ठोकळ्यांना काम मिळते. अशा तपासण्या रोज का होत नाहीत? कारण त्या कष्टाच्या आहेत. अर्धा मीटर, पंचेचाळीस अंश, एकेक गाडी. त्यापेक्षा दोन पोलीसगाड्या, एक ध्वनिक्षेपक आणि चार अडथळे स्वस्त पडतात. फाटकाच्या बाजूने जे काही युक्तिवाद होतात, त्यांच्या मुळाशी हा खर्चाचा हिशेब आहे. तो उघडपणे मांडला असता तर निदान त्यावर बोलता आले असते.

आणि धोक्याविषयी जपानचा स्वतःचा इतिहास काय सांगतो? सत्तरच्या दशकात 'बोसोझोकू' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टोळ्यांनी रस्ते दणाणून सोडले होते. भाल्यांसारखे आकाशात गेलेले सायलेन्सर, जमिनीला टेकलेल्या गाड्या, रात्रभर हॉर्न. १९७८ मध्ये वाहतूक कायद्यात दुरुस्ती झाली. तिने मोटारसायकल बाळगण्यावर बंदी घातली नाही, जमण्यावरही नाही. दोन किंवा अधिक वाहनांनी मिळून धोका किंवा उपद्रव होईल असे चालवणे, एवढ्याच कृत्याला तिने नाव दिले आणि त्यासाठी शिक्षा ठेवली. प्रामाणिकपणे सांगायचे तर संख्या लगेच घटली नाही. १९८२ मध्ये ती बेचाळीस हजारांच्या वर जाऊन शिगेला पोचली. पुढे ती ओसरली, त्याला लोकसंख्येपासून पैशापर्यंत अनेक कारणे होती. तरी कायदा मोडीत निघाला नाही. २००४ मध्ये तो अधिक धारदार करण्यात आला, जेणेकरून उपद्रव झालेल्या माणसाच्या साक्षीवाचूनही कारवाई करता यावी. आज सी-१ वर एकत्र शर्यत लावणाऱ्यांविरुद्ध हेच कलम हाताशी आहे आणि त्यात दोन वर्षांपर्यंतची कैद आहे. ज्याच्या हाती इतके नेमके हत्यार आहे, त्याने वाहनतळाला कुलूप का लावावे?

त्याच १९८२ सालातली दुसरी गोष्ट याच्या अगदी उलट आहे. उच्च माध्यमिक शाळांच्या पालकसंघांच्या राष्ट्रीय महासंघाने त्या वर्षी मोटारसायकलींविरुद्ध 'तीन नकार' ठरवले : मुलांना परवाना काढू द्यायचा नाही, गाडी घेऊ द्यायची नाही, चालवू द्यायची नाही. हेतू वाईट नव्हता. मुले मरत होती. पण ज्या मुलाला शाळेत असताना हँडल धरू दिले नाही, तो शाळा सुटल्यावर पहिल्यांदा हँडल धरतो तेव्हा त्याला शिकवायला कोणीच नसते, हे लक्षात यायला काही दशके जावी लागली. सायतामा प्रांताने २०१९ मध्ये हे नकार मागे घेतले आणि त्यांच्या जागी सुरक्षित चालवण्याचे प्रशिक्षण आणले. सरसकट 'नाही' म्हणणे सोपे असते आणि त्याने मोठ्या माणसांना काहीतरी केल्याचे समाधान मिळते. मुलाला शिकवायचे राहून जाते ते राहूनच जाते.

त्याहूनही मागे जाता येईल. सतराव्या शतकाच्या आरंभी क्योतो आणि एदोत (आजच्या टोकियोत) 'काबुकिमोनो' नावाचे तरुण फिरत. विचित्र कपडे, नको तितक्या लांब तलवारी, रस्त्यात दांडगाई. 'काबुकु' म्हणजे कलणे, सरळ रेषेपासून तिरके होणे. त्यांच्याच रंगढंगातून जे नाट्य उभे राहिले त्याला काबुकी हे नाव मिळाले, आणि शोगुनांच्या राजवटीला ते डोळ्यांसमोर नकोसे झाले. १६२९ मध्ये स्त्रियांना रंगमंचावर बंदी झाली, १६५२ मध्ये किशोरवयीन मुलांना. पण प्रौढ पुरुषांना, अटी पाळून, खेळ करू दिला गेला. त्या अटी न्याय्य होत्या असे मी म्हणत नाही, स्त्रियांवर तर त्यात अन्यायच झाला. जीटी-आर आणि काबुकी यांना एका पंक्तीत बसवण्याचाही माझा मनसुबा नाही. मुद्दा इतकाच, की स्वातंत्र्याशी काडीचे देणेघेणे नसलेल्या त्या राजवटीनेसुद्धा नाटकघर पुरते बंद करण्यापेक्षा त्याला चौकट घालणे पत्करले. तिरकेपणाला जागा नेमून दिली की तो नजरेसमोर राहतो. दाइकोकू बंद झाल्यावर गाड्या घरी जात नाहीत, हे तर आपण दर आठवड्याला पाहतो. त्या शिबाउरा, तात्सुमी अशा दुसऱ्या विश्रांतिस्थळांवर जातात, आणि तात्सुमीच्या भोवती माणसे राहतात. बंदराच्या निर्जन धक्क्यावरून वस्तीच्या खिडक्यांखाली गर्दी सरकवणे, हा आवाजावरचा उपाय असेल तर मला तो समजत नाही.

'मग रेसट्रॅकवर जा' हे उत्तरही वरचेवर मिळते. डोंगरातल्या वळणांवर जन्मलेले ड्रिफ्टिंग, म्हणजे गाडी घसरवत वळण घेण्याचा प्रकार, २००० मध्ये सुरू झालेल्या डी-१ स्पर्धांमुळे मोठ्या प्रमाणावर ट्रॅकवर आले, आणि त्याच डोंगरवळणांवर घडलेला केइइची त्सुचिया त्या स्पर्धांचा चेहरा झाला. ही बाब या उत्तराच्या बाजूने जाते आणि ती मी नाकारत नाही. ज्याला वेग हवा, त्याने फुजीच्या किंवा त्सुकुबाच्या ट्रॅकवर जावे. पण दाइकोकूला येणाऱ्याला त्या रात्री वेग नकोच असतो. कट्ट्यावर बसलेल्या माणसाला 'स्टेडियमवर जा' म्हणून सांगण्यासारखे ते आहे.

परदेशी पर्यटकांबद्दल बोलताना मी परदेशीच आहे हे आधी कबूल करतो, म्हणजे वाचकाला हवे तेवढे वजा करून वाचता येईल. अमेरिकेत पंचवीस वर्षे पूर्ण झालेली गाडी आयात करता येते. त्यामुळे आर-३२ २०१४ पासून आणि आर-३४ २०२४ पासून तिकडे जाऊ लागली, किमती वाढल्या, आणि गाडीमागोमाग तिचे मूळ गाव पाहायला माणसे येऊ लागली. ती पाय पसरून उभी राहतात, वाटेत चित्रण करतात, कचरा टाकतात. हे सगळे खरे आहे. पण आता तो आधी सांगून ठेवलेला मुद्दा : दाइकोकूला पायी येता येत नाही. तिथे दिसणारा प्रत्येक पर्यटक कोणाच्या तरी गाडीतून आलेला असतो. जपानमध्ये भाड्याने माणसे नेणाऱ्या गाडीला हिरवी क्रमांकाची पाटी लागते, खासगी गाडीला पांढरी. पांढऱ्या पाटीच्या गाडीत पैसे घेऊन माणसे नेणे हा आजचाच गुन्हा आहे आणि त्याला 'शिरोताकू', म्हणजे पांढरी टॅक्सी, असे रूढ नावही आहे. जीटी-आरमध्ये बसवून फिरवून आणण्याचे पैसे घेणारा कोण आहे, हे शोधायला पर्यटकाचा पासपोर्ट पाहावा लागत नाही, गाडीची पाटी पाहावी लागते. ध्वनिक्षेपकावरून वाहनतळ रिकामा करण्याची पद्धत तर या पर्यटकांच्या लाटेच्या कितीतरी आधीची आहे. मग जुन्या दुखण्याला नवा पाहुणा जबाबदार कसा?

'ही आमची संस्कृती आहे' असे म्हणणाऱ्या माझ्या मित्रांनाही मला एक सांगायचे आहे. संस्कृती हा शब्द उच्चारला की मोजमाप थांबते, आणि मोजमाप थांबणे तुमच्या हिताचे नाही. तुम्ही राज्याच्या दफ्तरी सर्वांत जास्त नोंदलेले लोक आहात. गाडी घेताना जागा असल्याचा दाखला दिलेला आहे, दर दोन वर्षांनी शाकेन केलेले आहे, तेरा वर्षांहून जुनी पेट्रोल गाडी ठेवल्याबद्दल सुमारे पंधरा टक्के जादा वाहनकर भरलेला आहे, बदललेली लांबी-रुंदी प्रमाणपत्रावर चढवलेली आहे. इतके कागद ज्याच्या हातात आहेत त्याने परंपरेचा आसरा घेण्याचे कारण नाही. कागद पुढे करावेत, आणि शेजारी उभ्या असलेल्या बिनकागदी गाडीच्या मालकाला 'तू आमच्यातला नाहीस' हेही मोठ्याने सांगावे. ते सांगायला कोणी धजत नाही, ही या छंदाची खरी उणीव आहे.

राहिला आपल्या मराठी मंडळींचा शिस्तीचा सिद्धान्त. भारताच्या मोटार वाहन कायद्याचे बावन्नावे कलम आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल एकत्र वाचला, तर उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून दूर जाणारा बदल चालत नाही, असा त्याचा अर्थ होतो. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड ठेवला. म्हणजे ज्याने विचारपूर्वक, नीट पैसे खर्चून सस्पेन्शन बदलले, तो आणि ज्याने बुलेटला बंदुकीसारखे फटाके फोडणारा सायलेन्सर लावला, तो, दोघेही रेघेच्या एकाच बाजूला उभे. अशा स्थितीत पहिल्याने ठोकळा घेऊन गाडीखाली वाकावे कशासाठी? मोजायला काही ठेवलेलेच नाही. मग अधूनमधून पुण्यात, नागपुरात जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांवर रोडरोलर फिरवला जातो, छायाचित्रे छापून येतात, आणि पुढच्या आठवड्यात बुलेट पुन्हा फटफटतात. जपानी माणूस जन्मतः शिस्तीचा असता तर १९८२ मध्ये बेचाळीस हजार बोसोझोकू कुठून आले असते? दाइकोकूचे फाटक मला त्या रोडरोलरचे जपानी भावंड वाटते : दिसायला ठाम, करायला सोपे, आणि कोणाचे काय चुकले हे न विचारणारे.

त्या पहिल्या रात्री आम्हाला तिथे जेमतेम तासभर मिळाला. ट्रकच्या बाजूला एका पांढऱ्या गाडीतला मुलगा सारखी रेस देत होता. सायलेन्सरमधून ज्वाळा निघाली की भोवतीचे लोक टाळ्या पिटत. करड्या आर-३२ च्या मालकांनी दोनदा मान वर करून तिकडे पाहिले आणि पुन्हा वहीत डोके घातले. मग पोलीसगाडी हळूहळू रांगांमधून फिरू लागली, वाहनतळ बंद होत आहे, सर्वांनी निघावे, असे ध्वनिक्षेपकावरून सांगू लागली. बॉनेट मिटली. त्या गृहस्थांनी ठोकळा फडक्यात गुंडाळून डिकीत ठेवला, आम्हाला मान लववली आणि बाहेर पडणाऱ्या गाड्यांच्या रांगेत शिस्तीत जाऊन उभे राहिले. रांग संपायला बराच वेळ लागला. पांढरी गाडी तिच्यात नव्हती. पोलिसांचे दिवे वळणावर दिसले तेव्हाच ती निघून गेली होती.